झोटेरो: फिटनेस प्लॅनच्या प्रोजेक्टसाठी किती कामाचं?

व्यक्तिगत फिटनेस प्लॅनमध्ये आकडे पुष्कळ असतात: किती मिनिटं व्यायाम, नाडी किती, प्रथिनं किती ग्रॅम. यातला प्रत्येक आकडा कुठून घेतला ते दाखवता आलं पाहिजे. त्यासाठी संदर्भ गोळा करून त्यांची यादी बनवणारं झोटेरो हे मोफत सॉफ्टवेअर आम्ही बिनदिक्कत सुचवू. २००६ पासून ते उपलब्ध आहे आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. मात्र समोर आलेली नोंद ते जशीच्या तशी उचलतं. तिचा दर्जा आणि अचूकता आपणच तपासायची.

दोन गोष्टी इन्स्टॉल कराव्या लागतात, मूळ सॉफ्टवेअर आणि ब्राउझरमधलं कनेक्टर (उघडलेल्या पानावरून संदर्भ झोटेरोत पाठवणारी जोडणी). बरेच जण फक्त कनेक्टर टाकतात आणि मग वर्डमध्ये झोटेरोचा टॅबच दिसत नाही म्हणून अडतात. वर्डमध्ये काम करताना मूळ सॉफ्टवेअर उघडं असावं लागतं. वर्डच्या ऑनलाइन आवृत्तीत हे चालत नाही. गूगल डॉक्स आणि लिब्रेऑफिसमध्ये चालतं.

संदर्भ घ्यायची सगळ्यात खात्रीची वाट म्हणजे जादूच्या कांडीचं बटण. त्यात डीओआय (शोधनिबंधाचा कायमचा ओळख क्रमांक) किंवा पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीतला क्रमांक टाकला की लेखक, वर्ष, खंड, पानं सगळं आपोआप भरतं. गूगल स्कॉलरच्या यादीतून उचललेल्या नोंदी बऱ्याचदा अर्धवट असतात, म्हणून प्रकाशकाच्या पानावर जाऊन तिथून नोंद घ्यावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांचंच पाहा. त्यांचा सारांश ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनच्या ५४ व्या खंडात, पान १४५१ ते १४६२ वर आहे. डीओआय टाकला की ही नोंद नीट येते. तेच संघटनेच्या संकेतस्थळावरून घेतलं तर बऱ्याचदा लेखकाचा रकाना रिकामा राहतो. मग संघटनेचं इंग्रजी नाव हाताने आडनाव आणि नाव अशा दोन खान्यांत भरलं जातं आणि एपीए या संदर्भ लिहिण्याच्या ठरलेल्या शैलीत ‘ऑर्गनायझेशन, डब्ल्यू. एच.’ असं छापून येतं. उपाय सोपा आहे. लेखकाच्या रकान्याशेजारचं छोटं बटण दाबून दोन खान्यांचा एक खाना करायचा. सरकारी संस्थांच्या नावांनाही हेच लागू.

नोंद बरोबर असूनही आकडा चुकू शकतो. याच सूचनांमध्ये ५ ते १७ वयोगटासाठी रोज सरासरी ६० मिनिटं मध्यम ते जोरकस हालचाल आणि आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू-हाडं बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. १८ पासून पुढे आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम. अकरावीच्या मुलाच्या प्लॅनमध्ये १५० मिनिटं लिहिली आणि खाली संदर्भ जोडला, तर संदर्भ खरा, प्लॅन चुकीचा. म्हणून झोटेरोच्या प्रत्येक नोंदीखाली टिपण जोडावं: आकडा, वयोगट, पान क्रमांक. आतल्या पीडीएफ वाचकात ओळ रंगवली की ती पान क्रमांकासह टिपणात घेता येते. हा क्रमांक कधीकधी फाईलमधल्या पानाचा असतो, छापील पानाचा नसतो, तेवढं पडताळायचं.

नाडीच्या कमाल ठोक्यांसाठी सगळे २२० वजा वय लिहितात आणि एखाद्या जिमच्या संकेतस्थळाचा हवाला देतात. त्याऐवजी तनाका आणि सहकाऱ्यांचा २००१ चा शोधनिबंध घ्यावा: २०८ वजा वयाच्या ०.७ पट. १८ व्या वर्षी पहिल्या सूत्राने २०२ येतात, दुसऱ्याने सुमारे १९५. चाळिशीत दोन्ही १८० वर जुळतात, पण विद्यार्थ्यांच्या वयात फरक जाणवतो. तनाकांचा अभ्यास प्रौढांवरचा आहे, वय त्याहून कमी असेल तर प्लॅनमध्ये तसं स्पष्ट लिहावं.

आहाराच्या भागात झोटेरोला मदत लागते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे अहवाल पीडीएफ म्हणून टाकले, तर डीओआय नसल्यामुळे माहिती बऱ्याचदा आपोआप भरत नाही. प्रकार ‘रिपोर्ट’ निवडून शीर्षक, संस्था, वर्ष हाताने टाकावं. प्रौढांसाठी २०२० ची शिफारस दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची आहे, म्हणजे ५५ किलोच्या व्यक्तीला साधारण ४६ ग्रॅम. २०१७ च्या भारतीय अन्नघटक तक्त्यांमधले धान्य-डाळींचे आकडे कच्च्या पदार्थाचे आहेत. १०० ग्रॅम कच्च्या तूरडाळीतली सुमारे २२ ग्रॅम प्रथिनं वाटीभर वरणाच्या नावावर लिहिली की अख्खा तक्ता बिघडतो, आणि ही चूक फार सर्रास होते.

मराठी पुस्तकांबाबत झोटेरो कमी पडतं. आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) टाकल्यावर शीर्षक कधी रोमन लिपीत येतं, कधी नोंद सापडतच नाही. ती हाताने भरायची तयारी ठेवावी.

एक सोय मात्र फार मोलाची आहे. प्रकाशनानंतर रद्द केलेला (रिट्रॅक्टेड) शोधनिबंध तुमच्या संग्रहात असेल तर झोटेरो लाल पट्टी दाखवून सावध करतं, फक्त नोंदीत डीओआय किंवा पबमेड क्रमांक हवा. चॅटबॉटने दिलेले संदर्भही जादूच्या कांडीतून जरूर काढावेत. क्रमांक सापडला नाही तर संदर्भ बनावट असण्याची दाट शक्यता. सापडला तरी शीर्षक जुळवून पाहावं, कारण खऱ्या क्रमांकावर भलताच निबंध उघडतो असंही होतं.

मोफत साठवण ३०० एमबी आहे, पण ती फक्त जोडलेल्या फाइल्सना लागते. नोंदी कितीही सिंक होतात. पीडीएफचं सिंक बंद ठेवलं तर पैसे भरायची गरज पडत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये इन्स्टॉल करू देत नसतील आणि संदर्भ पाच-सहाच असतील, तर झोटेरोबिब हे संदर्भसूची बनवणारं संकेतस्थळ ब्राउझरमध्येच, खातं न काढता चालतं. यादी त्या ब्राउझरमध्येच राहते, म्हणून उठण्याआधी तिची लिंक तयार करून स्वतःला पाठवावी.

संदर्भसूचीत हाताने दुरुस्ती करू नये, पुढच्या रिफ्रेशला ती पुसली जाते. चूक झोटेरोतल्या मूळ नोंदीत सुधारायची. जमा करण्याआधी फाईलची प्रत काढून त्या प्रतीत ‘अनलिंक सायटेशन्स’ करावं, म्हणजे संदर्भांचा झोटेरोशी असलेला दुवा तोडावा, विशेषतः गूगल डॉक्समधून डाउनलोड करत असाल तर. नाहीतर मजकुरातला प्रत्येक संदर्भ झोटेरोच्या लिंकसकट शिक्षकांकडे जातो.