टॅमसुलोसिनच्या जोडीला कोण: सोलिफेनासिन की मिराबेग्रॉन?

प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिन चालू आहे, लघवीची धार सुधारली, पण घाई काही जात नाही. अशा वेळी डॉक्टर या दोनपैकी एक जोडगोळी लिहून देतात. टॅमसुलोसिन ०.४ मिग्रॅ दोन्हींत तेच, फरक जोडीदाराचा. मी दोन्ही तीन-तीन महिने घेतल्यात.

ठाण्याहून रोज सीएसएमटी गाठणाऱ्याला घाई म्हणजे काय ते सांगायला नको. स्लो लोकल, तासभराचा प्रवास, डब्यात मुतारी नाही. भांडुप गेलं की माझं सगळं लक्ष घाटकोपरकडे.

घाई आवरण्यात मला दोघांत डावं-उजवं फारसं दिसलं नाही. रात्रीचं उठणं दोन्हींनी चारवरून दोनवर आलं. सोलिफेनासिनचा गुण लवकर आला, मिराबेग्रॉनने दीड महिना वाट बघायला लावली. खिशाला मला तेच जड गेलं.

पण कोरड! मूत्राशयाला 'आवळ' म्हणणारा निरोप सोलिफेनासिन अडवतं, आणि तसलाच निरोप लाळग्रंथींनाही लागतो. भाकरी टाळ्याला चिकटायची. माझी वरची कवळी लाळेवरच टिकून असते हे मला तेव्हा कळलं. एकदा ऑफिसात फोनवर बोलता बोलता ती निसटून जिभेवर आली, पुढचं वाक्य पलीकडच्याला काय ऐकू आलं देव जाणे. मग बाटली घेऊन घोट-घोट पाणी. म्हणजे घाईसाठी गोळी, गोळीमुळे कोरड, कोरडीमुळे पाणी आणि पाण्यामुळे पुन्हा घाटकोपरला उतरणं. बद्धकोष्ठ झालं ते वेगळं, इसबगोलावर निभावलं.

मिराबेग्रॉनची वाट निराळी. ते निरोप अडवत नाही, मूत्राशयाचा स्नायूच सैल करतं. तोंड ओलं राहिलं. मात्र त्याने रक्तदाब चढू शकतो, म्हणून घरी मशीनवर मोजायला सांगितलं होतं. माझा फारसा हलला नाही, तुमचा हलणारच नाही असं मी कसं म्हणू? १८०/११० च्या घरात असेल तर ते देतच नाहीत. मेटोप्रोलॉल ही रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. उलट काचबिंदूच्या काही प्रकारांत सोलिफेनासिन चालत नाही. लघवी करून झाल्यावर आत किती उरते, ही सोनोग्राफी दोन्हींआधी करून घ्यावी, नाहीतर लघवी तुंबायची भीती. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना टॅमसुलोसिनचं आधी सांगायचं. पहाटे उठताना भोवळ येते तीही त्याचीच, पलंगाच्या कडेला मिनिटभर बसतो.

रक्तदाब चढा, दात स्वतःचे आणि ऑफिस घराजवळ असेल, तर सोलिफेनासिन वाईट नाही. माझ्या बाबतीत यातलं एकही नाही.