सिबिल ‘मायनस एक’ आहे? एफडीवरचं कार्ड घ्यावं की सोनं ठेवावं

परभणीत एका बँकेच्या साहेबांनी कम्प्युटरची स्क्रीन माझ्याकडं फिरवली. सिबिल म्हणजे लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणारी कंपनी; तिच्या स्कोअरच्या जागी -1. माझ्या पोटात गोळा आला. कुठलं कर्ज थकलं म्हणून विचारलं, तर म्हणाले, “थकलं नाही हो, तुम्ही कधी घेतलंच नाही. तीच तर अडचण आहे.” जुन्या टेम्पोसाठी चार लाख मागत होतो. फाईल परत.

मोंढ्यातल्या आडतीवर आमची तीस वर्षांची वही आहे. सोयाबीनच्या पट्टीतून, म्हणजे विक्रीच्या हिशोबातून, आधी घेतलेली उचल वळती झाली नाही असं एक साल नाही. पण ती वही सिबिलला दिसत नाही. घरी सांगितलं तर दादा म्हणाले, “म्हणजे बुडव्याला आकडा हाय अन् आपल्याला तेबी न्हाई?”

स्कोअर 300 ते 900 मध्ये असतो. -1 म्हणजे वाईट नव्हे, कोरी पाटी. रिझर्व्ह बँकेनं कर्जासाठी किमान स्कोअर ठरवलेला नाही, आणि निव्वळ इतिहास नाही म्हणून पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज फेटाळू नये, हे केंद्र सरकारनं ऑगस्ट 2025 मध्ये लोकसभेत सांगितलं. मीही ते साहेबांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, सिस्टीमच घेत नाही. तेव्हा भांडण बाजूला ठेवून नोंद कशी तयार करायची ते बघू.

एफडीवरचं क्रेडिट कार्ड. बँकेत एफडी करायची आणि तिच्या बऱ्याचशा रकमेएवढी मर्यादा असलेलं कार्ड घ्यायचं. स्कोअरवाचून मिळतं, कारण बँकेच्या हातात तुमचेच पैसे असतात. एफडीचं व्याज चालू राहतं. महिन्याला थोडं वापरायचं, मर्यादेच्या तीस टक्क्यांच्या आत, आणि बिल पूर्ण भरायचं. ‘मिनिमम ड्यू’, म्हणजे बिलातली किमान रक्कम, तेवढीच भरून गप्प बसलात तर व्याज वर्षाला 36 ते 42 टक्क्यांच्या घरात जातं. आमच्याकडचा सावकारही लाजेल. एटीएममधून तर त्या कार्डानं रुपयाही काढू नका, व्याज पहिल्या दिवसापासून लागतं. यात खोट एकच: पैसे अडकतात आणि पहिला स्कोअर उगवायला साधारण सहा महिने जातात.

सोनेतारण. पैसा आजच लागत असेल तर हाच रस्ता. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नियमानं अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या 85 टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते. कर्ज फिटल्यावर सोनं त्याच दिवशी, फार तर सात कामाच्या दिवसांत परत द्यायचं. कर्ज देणाऱ्याच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला 5000 रुपये भरपाई. पण लोक बहुधा वर्षाअखेर एकरकमी फेड करतात, त्यात दर महिन्याच्या शिस्तीची नोंद कुठली होणार? घ्यायचंच तर हप्त्यानं घ्या. आणि सोनं कुणाच्या गळ्यातलं आहे तेही बघा. आमच्याकडं आईची बोरमाळ होती, ती मी मागितली नाही.

मोबाईलचा हप्ता. नोंद होते. पण ‘शून्य टक्के’ म्हणताना प्रोसेसिंग फी विचारा, आणि खात्यात पैसे नसताना हप्ता आला की बाऊन्सचा चार्ज वेगळा. गरज नसताना फोन घेऊन स्कोअर कमवणं मला तरी पटत नाही.

पतसंस्था. ओळखीवर कर्ज पटकन मिळतं, पण तिथला हप्ता बहुतेक वेळा सिबिलमध्ये दिसत नाही. फेडलं तरी पाटी कोरीच. आणि कार्डासाठीची एफडी तिथं करू नका. पाच लाखांपर्यंतचं ठेव विम्याचं संरक्षण बँकेला असतं, पतसंस्थेला नाही.

सातबारा तुमच्या नावावर असेल तर बँकेचं पीककर्जही नोंदीत येतं. वेळेत भरलं तर व्याज स्वस्त पडतं. कर्जमाफीची वाट बघत थांबलात तर मात्र नोंद थकबाकीची.

मी 25 हजारांची एफडी केली. कार्डावर फक्त गाडीचं पेट्रोल आणि रिचार्ज. सिबिल धरून अशा नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षाला प्रत्येकी एक रिपोर्ट फुकट मिळतो, सिबिलचा सातव्या महिन्यात काढला: 738. फाईल त्याच साहेबांकडं पुन्हा टाकली आहे. या खेपेला त्यांनी उत्पन्नाचा पुरावा म्हणून आडतीच्या पट्ट्या मागितल्या.