यूएसबी मायक्रोस्कोप आणि खिशातला काटा: ग्रीक चांदीच्या नाण्यांचे ठसे मोजायला पुरतात का?

दीड-दोन हजारांचा यूएसबी मायक्रोस्कोप आणि 0.01 ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा खिशातला काटा. ही जोडी घ्यावी का, याचे थोडक्यात उत्तर: मायक्रोस्कोप घ्या, पण त्याच्या स्टँडवर विसंबू नका, काटा मोठ्या नाण्यांना चालेल, लहान द्रम्मांना (द्रम्म म्हणजे ग्रीकांचे चांदीचे नाणे) नाही.

आधी काम काय आहे ते. एखाद्या राजाने किंवा नगराने किती नाणी पाडली याचा अंदाज ठशांच्या, म्हणजे नाणे ठोकायच्या साच्यांच्या, संख्येवरून बांधतात. ग्रीक टांकसाळीत दर्शनी बाजूचा ठसा ऐरणीत बसवलेला असे आणि मागील बाजूचा ठसा वर धरून त्यावर हातोडा पडे. मार वरचा ठसा खाई, म्हणून तो लवकर फुटे आणि बदलावा लागे. हिशेबाला जास्त भरवशाचा तो खालचा. दोन नाणी एकाच ठशातली आहेत की नाही हे ओळखणे एवढेच या उपकरणाकडून हवे असते.

खोक्यावरचे ‘1600 पट’ विसरून जा. ठसे जुळवताना अख्खे नाणे एका चौकटीत दिसावे लागते. 20 ते 40 पट पुष्कळ झाले, तेही एखाद्या अक्षरापुरते. अथेन्सचे घुबडछाप चतुर्द्रम्म (चार द्रम्मांचे नाणे) साधारण 24 मिलिमीटरचे असते, ते पूर्ण मावते का हे घेण्याआधी पाहा. चित्र काठाकडे किंचित वाकते, म्हणून नाणे मधोमध ठेवा आणि शेजारी मिलिमीटरची पट्टी धरा. सोबतच्या सॉफ्टवेअरमधले माप तुम्ही हाताने भरलेल्या वर्धनावर चालते. ते चुकीचे भरले की सगळी मापे चुकलीच.

खरी अडचण प्रकाशाची. भिंगाभोवतीचे एलईडीचे कडे चांदीवर पांढरे डाग पाडते आणि उठाव सपाट करते. ते पूर्ण बारीक करा आणि टेबलदिव्याचा उजेड डावीकडून वरून, घड्याळात 10 वाजतात त्या दिशेने, तिरपा सोडा. तुलनेची बहुतेक नाणी वस्तुसंग्रहालयांच्या आणि लिलावांच्या छायाचित्रांतूनच मिळणार, आणि त्यांतही उजेड बहुधा वरून डावीकडूनच असतो. प्लॅस्टिकचा वाकडा स्टँड मात्र हळूहळू खाली बसतो. दहावे नाणे पहिल्यापेक्षा वेगळ्या कोनातून टिपले जाते आणि एकच ठसा दोन वाटू लागतो. लोखंडी दांड्याचा स्टँड वेगळा घ्यावा, हा खर्च टाळू नये.

जुळवताना चेहरा एकूण कसा दिसतो याला महत्त्व देऊ नका, अंतरे पाहा. अथेना देवीच्या शिरस्त्राणावरची ऑलिव्हची तीन पाने डोळ्यापासून कुठे येतात, घुबडाच्या बाजूला अल्फा-थीटा-एप्सिलॉन ही अक्षरे कोणत्या उंचीवर आहेत, हे. नाण्याचा काठ आणि चित्राचे एका बाजूला सरकणे यांचा ठशाशी संबंध नसतो. ती ठोकणाऱ्याच्या हाताची करामत. ठशाला गेलेला तडा मात्र सोन्यासारखा पुरावा: नाण्यावर तो उंच रेघ म्हणून उमटतो आणि पुढच्या नाण्यांत वाढत जातो. शंका राहिली तर गिंप या चित्रे हाताळायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक चित्र दुसऱ्यावर 50 टक्के पारदर्शक करून ठेवा. दोन नाण्यांवरचे ओरखडेही तंतोतंत जुळले तर खूश होऊ नका, ती बहुधा एकाच नाण्यावरून ओतलेली नकली आहेत. नमुन्यातून काढून टाका.

एवढा काटेकोरपणा का, ते आकड्यांत बघा. नाणी 50 आणि ओळखलेले ठसे 40 असतील, तर सोपे सूत्र असे: नाणी गुणिले ठसे, भागिले दोहोंतला फरक. 2000 भागिले 10, म्हणजे मूळ ठसे 200. चकाकीमुळे चार ठसे जास्तीचे मोजले, 40 चे 44 झाले, की उत्तर 367 वर जाते. म्हणून नाणी ठशांच्या दुपटीहूनही कमी असतील तर उत्तर सांगूच नये. 120 नाण्यांत 40 ठसे असतील तर उत्तर 60 येते. त्यांत 15 ठसे एकेकदाच दिसले असतील, तर 1 वजा 15/120, म्हणजे टांकसाळीतल्या मालापैकी सुमारे 87 टक्के माल ओळखलेल्या ठशांतून निघाला असे धरता येते. इथवर उपकरण साथ देते.

पुढे ते काही करू शकत नाही. एका ठशातून किती नाणी निघत? 10,000 पासून 40,000 पर्यंत आकडे धरले जातात, 20,000 हा नेहमीचा. म्हणजे वरचे 60 ठसे 6 लाख नाणी तरी किंवा 24 लाख तरी. मधला आकडा धरला तर 12 लाख चतुर्द्रम्मे, 17.2 ग्रॅमने जवळजवळ 20.6 टन चांदी, प्राचीन ग्रीक वजनात 800 टॅलेंट. या गुणाकारावर नाणेतज्ज्ञ बट्रे यांनी 1993 मध्ये सडकून टीका केली, आणि तिच्यात तथ्य आहे. ठशांची संख्या लिहा, नाण्यांची संख्या लिहायचीच तर कमाल-किमान दोन्ही द्या.

आता काटा. वजनाला तो ठीक. पंखा बंद ठेवा आणि दर दहा नाण्यांनी शून्य तपासा. घोटाळा होतो तो पाण्यात तोलून, घनतेवरून शुद्धता काढताना. चतुर्द्रम्म पाण्यात 1.64 ग्रॅम हलके होते, त्यात 0.01 ची चूक खपते. इंडो-ग्रीक द्रम्म 2.45 ग्रॅमचे, ते फक्त 0.23 ग्रॅमने हलके होते. तिथे तीच चूक 4 टक्क्यांची. चांदीची घनता 10.49, तांबे 20 टक्के मिसळले तरी ती 10.14 च राहते, म्हणजे 3 टक्क्यांचा फरक. थोडक्यात, ही भेसळ काट्याच्या चुकीतच बुडून जाते. क्षत्रप राजा नहपानाच्या ग्रीक अक्षरांच्या लहान नाण्यांनाही हेच लागू. अशा वेळी सराफाकडचा 0.001 ग्रॅमचा काटा बरा.

किनाऱ्यावरची हवा दोघांनाही सोसत नाही. खारट दमटपणाने काट्याच्या सेलची टोके हिरवी पडतात, भिंगावर बुरशी धरते. जून ते सप्टेंबर दोन्ही वस्तू सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवा आणि सेल काढून ठेवा. नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नकोत. आणि काळवंडलेली चांदी रांगोळीने घासून टिपायला ठेवलीत, तर ज्या बारीक रेघांसाठी हा खटाटोप, त्याच आधी जातील.