पेठेतलं रुग्णसाहित्य केंद्र : साडेचार स्टार, अर्धा जिन्यासाठी कापला

पेशंटला घरी लागणारं सामान डिपॉझिटवर वापरायला देणाऱ्या एका संस्थेबद्दल लिहितोय, पण आधीच सांगतो, तिचं नाव लिहिणार नाहीये. खाली कौतुक आहे तशा कुरकुरीपण आहेत आणि तिथे बसणारे सगळे रिटायर्ड लोक बिनपगारी येतात, त्यांना उगाच कशाला. पेठेत राहणाऱ्यांना वर्णनावरून कळेलच.

तर झालं असं की मार्चमधे आत्या बाथरूममधे घसरली आणि खुबा मोडला. वय 81, लग्न केलं नाही, आयुष्यभर शाळेत गणित शिकवलं, नारायण पेठेतल्या वाड्यात दुसऱ्या मजल्यावर एकटी राहते आणि तिथून हलायचं नाही हा तिचा नियम. ऑपरेशन झालं, पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टर म्हणाले आज घरी न्या, आणि हातात यादी दिली, फाउलर बेड (हँडल फिरवून डोक्याकडची बाजू वर करता येते ती खाट), एअर बेड, कमोड खुर्ची, वॉकर. म्हणजे हे सगळं संध्याकाळच्या आत उभं करायचं. भाड्याने देणाऱ्या एका दुकानात फोन केला तर महिन्याचं भाडं वेगळं, डिपॉझिट वेगळं, जिना चढवायचे वेगळे, मी म्हटलं विचारून सांगतो. वॉर्डमधल्या मावशी ऐकत होत्या, त्या म्हणाल्या दादा कशाला पैसे घालवता, आणि या संस्थेचा पत्ता दिला.

संस्था पहिल्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही. म्हाताऱ्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला जिना चढून जायचं हे मला अजून पटलेलं नाही, अर्धा स्टार त्याचाच. विचारलं तर तिथे बसणारे काका म्हणाले जागा कुणीतरी फुकट वापरायला दिलीय, फुकटच्या जागेला लिफ्ट कुठून आणू. बरं.

वर गेल्यावर मला वाटलं फॉर्म पुढे सरकवतील. तर आधी प्रश्न सुरू झाले. पेशंटची उंची किती? घरी जिना कसला, लाकडी का दगडी? रात्री सोबत कोण असणार? संडास भारतीय का कमोड? मी जरा वैतागलोच, म्हटलं अहो काका मला फक्त वॉकर हवाय. त्यावर ते शांतपणे म्हणाले, वॉकर चुकीच्या उंचीचा नेलात तर पुढच्या महिन्यात दुसरा खुबा घेऊन याल. मग त्यांनी मलाच उभं करून दाखवलं, हात सरळ खाली सोडायचे, मनगटाची रेघ जिथे येते तिथे वॉकरचं हँडल पाहिजे, म्हणजे धरल्यावर कोपर थोडं वाकतं आणि माणूस पुढे झुकत नाही. चारही पायांची रबरं बोटाने तपासली, एक गुळगुळीत झालं होतं ते बदलूनच दिलं. एवढं आम्हाला हॉस्पिटलमधे पण कुणी सांगितलं नव्हतं.

एअर बेडचंही तसंच. मला वाटायचं हवेची गादी घातली की झालं. काका म्हणाले ती मोटर दिवसरात्र चालू ठेवायची, आतले कप्पे आलटून पालटून फुगतात म्हणून एकाच जागी दाब राहत नाही, पण तरी दर दोन तासांनी कूस बदलायचीच, गादी आहे म्हणून निवांत झोपलात तर पाठीला जखम होणार. आणि लाइट गेली की लगेच बघायचं. आमच्याकडे गुरुवारी लाइट जाते हेही त्यांना पाठ, चक्क.

आता खरी गंमत. आत्याला घरी कळलं की सामान कुठून आलंय. तिचा पारा चढला. "मला पेन्शन आहे, मी धर्मादाय काही वापरणार नाही, परत नेऊन दे." मी रडकुंडीला आलो, गादी फुगवून झाली होती हो. शेवटी काकांना फोन लावून दिला. पलीकडून काय बोलले माहिती नाही पण पाच मिनिटांनी आत्या म्हणाली पावती दाखव. पावती तिच्याच नावाने होती, माझ्या नाही, त्यावर सभासद क्रमांक, परत करायची तारीख, उशीर झाला तर दंड. लायब्ररीसारखं. तिने चष्मा लावून सगळं वाचलं, बेरजेत चूक नाही ना बघितलं आणि म्हणाली ठीक आहे, दंड आहे म्हणजे फुकट नाही. मला वाटतं या जागेची खरी हुशारी त्या पावतीत आहे. देणारा वर आणि घेणारा खाली असं काही ठेवतच नाहीत.

हे मला तिथेच नंतर अजून एका गोष्टीत दिसलं. सामान बदलायला गेलो होतो (बेडचं फिरवायचं हँडल अडकायचं, फोन तीन दिवस कुणी उचलला नाही, शेवटी स्वतः गेलो, हीपण तक्रार लिहून ठेवा) तेव्हा तिथे रेशन किटचा दिवस होता. गहू, तांदूळ, तूरडाळ, तेल, चहा, साखर. एकही फोटो नाही, बॅनर नाही, रांगपण नाही, प्रत्येकाला वेगवेगळी वेळ दिलेली. एका बाईंनी गव्हाऐवजी ज्वारी मागितली तर मिळाली. मी आजपर्यंत जेवढी वाटपं पाहिली त्यात नगरसेवकाचा फोटो पिशवीपेक्षा मोठा असतो.

आणि कोपऱ्यात एक ताई फक्त सरकारी फॉर्म भरून द्यायला बसतात. माझ्या मते सगळ्यात उपयोगी टेबल ते. आत्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी दांडेकर पुलाजवळ राहतात, त्यांच्या शेजारच्या आजी अगदी एकट्या, वय सत्तर, त्यांना मी तिकडे पाठवलं. श्रावणबाळ या म्हाताऱ्यांसाठीच्या सरकारी योजनेत महिन्याला 1500 रुपये मिळतात, पण वय 65 किंवा त्याहून जास्त पाहिजे, राज्यात 15 वर्षं राहिल्याचा पुरावा पाहिजे आणि दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर उत्पन्नाचा दाखला वर्षाला 21 हजारांच्या आतला. 21 हजार! म्हणजे महिन्याला 1750, पुण्यात तेवढ्यात खोलीचं भाडंपण सुटत नाही, पण नियम तो नियम. आजी आधी दोनदा तहसीलला जाऊन कागद अपुरे म्हणून परत आल्या होत्या, ताईंनी आधार आणि बँकेतल्या नावाचं स्पेलिंग एक करून घेतलं आणि मग अर्ज गेला. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा हेपण त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून दिलं.

त्याच ताईंकडून कळलं की धर्मादाय हॉस्पिटलांना 10 टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी फुकट आणि अजून 10 टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात, वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे 1,80,000 आणि 3,60,000. म्हणजे आपल्या ओळखीतले कितीतरी लोक यात बसतात. पण ॲडमिट होतानाच विचारायचं, बिल हातात आल्यावर भांडत बसू नका.

द्यायला जाणार असाल तर दोन गोष्टी. एक, जुन्या साड्यांची पिशवी नेऊ नका. मी नेली, ताईंनी उघडली, तीन बाजूला काढल्या आणि बाकीच्या हसत हसत परत दिल्या, म्हणाल्या तुम्ही जे घालणार नाही ते दुसऱ्याने का घालावं. कान लाल झाले माझे. दोन, 80जी ची, म्हणजे देणगीवर टॅक्समधे वजावट मिळवायची पावती मिळते पण 2000 च्या वर रोख दिलेत तर वजावट नाही, वस्तू दिल्यात तरी नाही, आणि नवीन टॅक्स रिजीम घेतली असेल तर तसाही उपयोग नाही. त्यांना सगळ्यात जास्त कमोड खुर्च्या लागतात, लोक द्यायला व्हीलचेअरच आणतात. पेठेतल्या जिन्यांवर व्हीलचेअर काय करणार!

बाकी किरकोळ. डिपॉझिट रोखच घेतात, क्यूआर कोड भिंतीवर आहे पण तो फक्त देणगीचा. दुपारी 1 ते 4 चालू असतात, होय, पेठेत, मीपण दोनदा पाटी वाचली. गाडी लावायला जागा शून्य, बसने जा. व्हॉट्सॲप ग्रुपवर नंबर दिलात तर रोज सकाळी सूर्योदयाचा फोटो येईल, म्यूट करा.

बेड, गादी, खुर्ची जूनमधे परत केलं, धुवून पुसून न्यावं लागतं, डिपॉझिट तिथल्या तिथे मोजून दिलं. वॉकर मात्र अजून आमच्याकडेच आहे. मुदत संपून तीन आठवडे झाले, आत्या आता काठीवर चालते, पण वॉकरवर टॉवेल वाळत घालते आणि द्यायचं नाव काढलं की म्हणते दंड मी भरीन. शनिवारी भरायला जातोय.