हजेरीतला वेळ कसा मांडायचा: 7:40, 7.67 की 460?

वागळे इस्टेटमधला छोटा गाळा असो की महापेतलं रात्रपाळीचं ऑफिस, पगाराच्या आठवड्यात पंचिंगच्या वेळांचे रुपये करावेच लागतात. सात तास चाळीस मिनिटांचं काम तीन तऱ्हांनी मांडता येतं: 7:40, 7.67 किंवा नुसती 460 मिनिटं. नवीन शीट बनवत असाल तर यातली एक पद्धत आत्ताच पक्की करा, नंतर बदलणं जिवावर येतं.

आधी घोळाचं मूळ. आपल्याकडे लग्नपत्रिकेपासून सगळीकडे वेळ टिंब देऊनच लिहायची सवय. मस्टरवर सुपरवायझर सहज 7.40 लिहितो आणि हिशोब करणारा तो आकडा तसाच कॅल्क्युलेटरवर मारतो. सहा दिवसांचे होतात 44.40. खरे तास मात्र 46. ताशी शंभर रुपये धरले तर कामगाराचे 160 रुपये गेले, आणि कागदावर चूक दिसतही नाही. हेच ओव्हरटाइमचे तास असतील तर दर दुप्पट, म्हणून फटकाही दुप्पट. पद्धत कोणतीही घ्या, पण तास-मिनिटांच्या मध्ये टिंब नको.

तास-मिनिटं वाचायला सगळ्यात सोपी. कामगाराला स्लिप दाखवली की तो स्वतः पडताळून बघतो, आणि हा फायदा मी मोठा मानतो. अडचण येते एक्सेलमध्ये. एक्सेलच्या लेखी अख्खा दिवस म्हणजे 1, त्यामुळे 7:40 आत साठतं 0.3194 असं. त्याला थेट शंभरने गुणलं की दिवसाची मजुरी येते 31 रुपये 94 पैसे! आधी 24 ने गुणावं लागतं, मग बरोबर 766.67 येतात. बेरजेतही गंमत आहे. 46 तासांची बेरीज साध्या फॉरमॅटमध्ये 22:00 दिसते, कारण 24 झाले की घड्याळ पुन्हा शून्यावर. तासाच्या अक्षराला चौकोनी कंस असलेला फॉरमॅट, म्हणजे [h]:mm, निवडला की पूर्ण 46:00 दिसतात.

दशांश तास अकाउंटंट मंडळींचे लाडके, कारण दराने गुणलं की काम संपलं. पंधरा-पंधरा मिनिटांच्या टप्प्यात वेळ धरणाऱ्यांना ही पद्धत चोख बसते: 0.25, 0.50, 0.75, काही उरत नाही. मात्र टप्पा वर धरायचा की खाली, हे आधीच लेखी ठरवा. मिनिटा-मिनिटाची नोंद असेल तर गोलाई आड येते. 7.67 सहा वेळा मिळवले की 46.02. रक्कम दोन रुपयांचीच, पण ताळा जुळत नाही आणि त्या दोन रुपयांपायी अर्धी दुपार जाते.

मिनिटं दिसायला रूक्ष. सहा दिवसांची 2760 बघून कुणाला काय कळणार? पण हिशोबात सगळ्यात भरवशाची. पूर्णांक आकडे, साधी बेरीज, आणि 60 ने भागायचं ते एकदाच, शेवटी. माझं मत विचाराल तर साठवायला मिनिटं, स्लिपवर दाखवायला तास-मिनिटं. दशांश फक्त पंधरा मिनिटांचा टप्पा पाळणाऱ्यांनी घ्यावेत.

रात्रपाळीचं वेगळं. रात्री 10 ला आत, सकाळी 6 ला बाहेर. सरळ वजाबाकी केली की उत्तर उणे येतं आणि एक्सेल रकानाभर ##### अशा खुणा दाखवतं. यावर काही पंचांगांची युक्ती कामाची आहे. मध्यरात्रीनंतरचे दोन वाजले तर ते 26 असं छापतात, कारण तिथे दिवस सूर्योदयापर्यंत चालू असतो. तसंच सकाळचे 6 म्हणजे 30 धरा: 30 वजा 22, आठ तास, म्हणजे 480 मिनिटं. शिफ्टची तारीख आत येतानाचीच राहते, हजेरीही एकाच दिवसावर पडते.

ऐरोली-महापेत अमेरिकेच्या वेळेवर काम असेल तर नोंद भारतीय वेळेतच ठेवा. न्यूयॉर्कचे सकाळचे 9 म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे 6:30 आणि हिवाळ्यात 7:30. शिफ्ट तासाभराने सरकते, आपलं घड्याळ मात्र सरकत नाही. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये तिकडचं घड्याळ बदललं की बसच्या वेळापत्रकाला हात लावा, हजेरीच्या सूत्राला नको.