शाळेनंतरचा वर्ग: ट्यूशन समजून जाऊ नका

कोल्हापुरात आमच्या शाहूपुरी कुंभार गल्लीपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर एका संस्थेचा हा वर्ग भरतो, अभ्यासाचा नव्हे, पोरांच्या मनाला आधार देणारा. साडेचार ते साडेसहा. फी नाही, खाऊचे तेवढे महिन्याला शंभर रुपये घेतात. माझा भाचा तिथं जातो, आता चौथीत आहे.

२०२१ च्या जुलैत पंचगंगेच्या पुराचं पाणी चढलं तेव्हा तो पाच वर्षांचा होता. गणपतीच्या मूर्ती माळ्यावर चढवायच्या म्हणून त्याचा बाप मागं राहिला, मायलेकरांना बोटीतनं काढलं. "मागनं येतोच" म्हणालेल्या बापाचा दोन दिवस फोन लागला नाही. तेव्हापासून पाऊस लागला की पोराचं एकच, "आत्ती, पाणी किती फुटावर?" मध्यरात्री उठून पण हेच. बाप खाली मूर्ती रंगवायला बसला की हा जिन्यात बसून पहारा देणार.

वर्गात प्रत्येक पोराला एक ताई किंवा दादा ठरवून देतात. भाच्याच्या दादानं बरेच महिने पुराचा विषयच काढला नाही. नुसता कॅरम. भाऊ वैतागायचा, "कॅरमला काय गल्लीत कट्टे कमी हाईत?" पण दादा ठरल्या वेळी दारात उभा असायचा, आणि येणार नसला तर आदल्या दिवशी पोरालाच सांगायचा, आम्हाला नंतर. येतो म्हणून न आलेल्या माणसाची धास्ती घेतलेल्या पोराला दुसरं काय पाहिजे? पालकसभेत संस्थेच्या लोकांनी हवाईतल्या कौआई बेटाची माहिती दिली. तिथं १९५५ साली जन्मलेल्या मुलांवर एमी वर्नर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी कित्येक वर्षं नजर ठेवली होती. फार हलाखीतनं आलेल्या पोरांतली साधारण तिसरा हिस्सा पोरं नीट उभी राहिली, आणि अशा पोरांना बहुतेक वेळा घरचं नाहीतर बाहेरचं एखादं भरवशाचं मोठं माणूस मिळालेलं होतं.

मग पोरानंच एकदा फुटांचा विषय काढला. दादानं त्याला वही करायला लावली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी रोज लिहायची, ३९ फुटांवर इशारा, ४३ वर धोका. राधानगरी धरणाचे सातही दरवाजे आपोआप उघडतात, तिथलं पाणी इथं यायला वेळ लागतो, हे नकाशावर बोट फिरवून समजावलं. घर सोडायची वेळ आली तर कोण कुठं भेटणार, हे बापाकडनं लिहून घेतलं. आता प्रश्न विचारायच्या आधी पोरगं वही बघतं. जिन्यातला पहारा अजून आहे, कमी झालाय.

खोट काढायची तर, शिकाऊ ताई-दादा वर्ष संपलं की जातात. आमचा दादा टिकला, शेजारच्या पोरीची ताई अचानक बदलली आणि ती पोरगी पुन्हा गप्प झाली. असल्या वर्गात हे चालायला नको. पालकसभा भर दुपारी, कामावरच्या आईबापांनी यायचं कसं? मार्कांत फरक शून्य, त्यासाठी जाणार असाल तर दुसरीकडं बघा.

पोर झोपत-जेवत नसेल, स्वतःला इजा करत असेल तर वर्गावर भागणार नाही, डॉक्टर गाठा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर फुकट आहे, मराठीत बोलतात.

नाव मे महिन्यातच घाला. पावसाळा सुरू झाला की जागा मिळत नाही.