अँड्रॉइड १५, सहा महिन्यांनंतर: बॅटरी सुधारली, ऱ्हस्व मोडला

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री फोन चार्जिंगला लावला आणि अपडेटचं बटण दाबून झोपले. फाइल अडीच जीबीच्या आसपास होती, घरच्या वायफायवर निवांत उतरली. सकाळी पाचच्या गजराला फोन अँड्रॉइड १५ वर होता. नवे आयकॉन, नवं घड्याळ, नवा फॉन्ट. फोन दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सेलमध्ये १८,९९९ रुपयांना घेतलेला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण हाच त्रास दुसऱ्या कंपनीच्या फोनवरही होऊ शकतो.

भांडुपहून सकाळची धीमी लोकल पकडली. उभ्यानेच व्हॉट्सॲप उघडलं. एका लेखकाचा निरोप होता, ऱ्हस्व-दीर्घ पुन्हा एकदा बघून घ्या म्हणून. त्यातला ‘ऱ्हस्व’ माझ्या स्क्रीनवर ‘ऱ्‌हस्व’ असा दिसत होता. म्हणजे खाली टिंब असलेला अख्खा ऱ, त्याचा पाय मोडलेला, आणि शेजारी सुटा ह. आधी वाटलं, लेखकानेच तसं टाइप केलंय. मग खाली ‘दुसऱ्या’ दिसला, ‘पुढाऱ्यांनी’ दिसला, ‘गिऱ्हाईक’ दिसलं. सगळे तसेच फुटलेले. विक्रोळी येईपर्यंत मी माझे स्वतःचे जुने निरोप उघडून बघितले. तेही फुटले होते.

कोणी म्हणेल, एवढ्याशा चिन्हाचं काय घेऊन बसलात. माझं पोट त्याच चिन्हावर आहे. एकवीस वर्षं गिरगावातल्या एका छोट्या प्रकाशनात मी मुद्रितशोधन करते. भांडुप ते दादर आणि दादर ते चर्नी रोड हा प्रवास माझ्या कामाच्या वेळेतच धरलेला असतो. दुरुस्त्यांचे निरोप, लेखकांच्या शंका, कवितांचे कच्चे मजकूर, सगळं फोनवर. आणि तो अर्धा र मराठीत शोभेसाठी नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या. एका आडव्या रेघेने समुद्राचा डोंगर होतो.

अनंत चतुर्दशीच्या आधल्या आठवड्यात नेमकं तेच झालं. एका दिवाळी अंकाच्या कवितांचा मजकूर व्हॉट्सॲपवर आला होता. गर्दीत उभी राहून वाचताना ‘दऱ्‌या’ असं फुटलेलं दिसलं. दोन महिने फुटलेलंच बघून माझा डोळा बिघडला होता. कुठलं फुटणं फोनचं आणि कुठलं मजकुरातलं हे मला कळेनासं झालं होतं. मी कळवलं, तिसऱ्या ओळीतला शब्द तुटलाय, जोडून घ्या. तिकडच्या नव्या मुलाने तो जोडला आणि ‘दर्या’ केला. ‘सह्याद्रीच्या दर्या’ असं पान लागलं. छपाईला जायच्या आधीच्या शेवटच्या कागदी प्रुफात मला ते सापडलं. त्या संध्याकाळी चर्नी रोडच्या पुलावर मी थोडा वेळ नुसती उभी राहिले. एकवीस वर्षांत बरोबर शब्द चुकीचा करून घेण्याची ही माझी पहिलीच वेळ.

याच्या आधी, ऑगस्टमध्ये, मुलुंडच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला जाऊन आले होते. टोकन घेतलं, पाऊण तास बसले. काउंटरवरचा मुलगा बोलायला चांगला होता. फोन बघून म्हणाला, “मॅडम, हा हार्डवेअरचा इश्यू नाही. फॅक्टरी रिसेट मारून बघू.” मी विचारलं, फॉन्ट सॉफ्टवेअरमध्ये आहे, रिसेट केल्यावर हेच सॉफ्टवेअर परत बसणार, मग अक्षर कसं सुधारेल? तो म्हणाला, कधी कधी होतं. त्या कधी कधीसाठी मी बँकेची तीन ॲप पुन्हा नोंदवायची आणि रेल्वेच्या ॲपमधल्या त्रैमासिक पासाचं काय होईल याची काळजी करायची? नको म्हटलं. मग जुन्या आवृत्तीवर परत नेता येईल का विचारलं. तर ते कंपनीने बंदच केलेलं. अपडेट एकदा चढलं की उतरत नाही, हे बटण दाबायच्या आधी मोठ्या अक्षरात लिहायला हवं.

मी उठायला लागले, तेवढ्यात तो म्हणाला, “पण वाचता येतंय ना?” मी त्याला गाव विचारलं. कऱ्हाडजवळचा निघाला. मी त्याच्यासमोर ‘कऱ्हाड’ टाइप केलं आणि फोन त्याच्याकडे फिरवला. त्याने बघितलं, स्वतःच्या फोनवर टाइप करून बघितलं, आणि आतून सीनिअरला बोलावून आणलं. स्क्रीनशॉट घेतला, तक्रार नोंदवली, क्रमांक दिला. पैसे घेतले नाहीत. त्या मुलाबद्दल माझी काही तक्रार नाही.

तक्रार आहे ती त्याच्या वरच्यांबद्दल. नऊ दिवसांनी निरोप आला की तुमची तक्रार सोडवण्यात आली आहे, आम्हाला किती तारे द्याल? फोनमध्ये काडीचाही बदल नव्हता. मी स्क्रीनशॉट जोडून ईमेल केले, एकूण तीन. तिन्हींना एकच उत्तर: फोन रिस्टार्ट करा, कॅशे साफ करा. अठरा-एकोणीस हजार मोजलेल्या वस्तूबद्दल असं उत्तर आलं की राग येतो. नवीन फोन घ्या असं घरातल्यांनी सुचवून झालं. चालता फोन एका अक्षरासाठी टाकून द्यायचा आणि परत पंचवीस हजार घालायचे, हे माझ्याने होणार नाही.

इथपर्यंत माझं मत पक्कं होतं. भेटेल त्याला सांगत होते, हे अपडेट घेऊ नका. ते आता मी मागे घेते, आणि त्याचं श्रेय आमच्या डीटीपीवाल्या दादांना.

कवितेच्या त्या प्रकारानंतर त्यांनी माझा फोन मागून घेतला. २०१४ सालच्या एका फाइलीतला परिच्छेद मला व्हॉट्सॲपवर पाठवला. त्यातले सगळे ‘ऱ्या’ धडधाकट दिसले! त्याच फोनवर, त्याच फॉन्टमध्ये. दादांनी समजावलं ते असं. हा अर्धा र संगणकात दोन वाटांनी लिहिला जातो. एक, टिंबवाला ऱ घ्यायचा आणि त्याचा पाय मोडायचा. दुसरी वाट, साधा र घेऊन पाय मोडायचा आणि पुढे डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह टाकायचं. युनिकोडला, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीला, दोन्ही चालतात, जुन्या फाइलींत दुसरी वाट होती. आमच्या फोनच्या नव्या फॉन्टमध्ये दुसऱ्या वाटेची आकृती बसवली होती आणि पहिलीची राहून गेली होती. माझा कीबोर्ड पहिल्या वाटेने लिहितो. पीडीएफमध्ये मात्र मला कधीच त्रास झाला नव्हता, कारण पीडीएफ बहुतेक वेळा स्वतःचा फॉन्ट सोबत घेऊन येते. व्हॉट्सॲपला फोनचाच फॉन्ट वापरावा लागतो. दोन महिने ही खूण माझ्या डोळ्यांसमोर होती.

मग उपाय दोन मिनिटांचा निघाला. सेटिंग्ज, डिस्प्ले, फॉन्ट. तिथे कंपनीच्या फॉन्टऐवजी रोबोटो निवडला. रोबोटोत देवनागरी नाहीच, त्यामुळे मराठीसाठी फोन अँड्रॉइडच्या मूळ देवनागरी फॉन्टकडे जातो. बटण दाबलं आणि ‘ऱ्हस्व’ जागेवर आला. एवढंच नाही, मराठी ल आणि मराठी श सुद्धा आले. कंपनीच्या फॉन्टमध्ये ते हिंदी वळणाचे झाले होते, आणि अर्ध्या र च्या नादात त्यांच्याकडे मी नीट बघितलंच नव्हतं. पाकळीचा ल आणि देठाचा श राज्य शासनाच्या २००९ च्या निर्णयात प्रमाण म्हणून दिलेले आहेत. युनिकोडमध्ये दोन्ही वळणांना क्रमांक एकच, भाषा बघून आकृती बदलायचं काम फॉन्टचं. म्हणून एक लक्षात ठेवा: फोनची भाषा मराठीच ठेवा. मी प्रयोग म्हणून इंग्रजी केली तर ल लगेच हिंदी वळणाचा झाला.

विंडोजबरोबर येणारा ‘मंगल’ फॉन्ट मुंबईच्या र. कृ. जोशींनी केला. विंडोज २००० पासून तो आपल्या संगणकांवर आहे. म्हणजे हे काम पंचवीस वर्षांपूर्वी करून ठेवलेलं आहे. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात दर्जाही मिळाला. आणि २०२५ मध्ये मुंबईतल्या फोनवर ‘ऱ्हस्व’ लिहिता येत नाही, हे मला मान्य नाही.

बाकी अपडेटबद्दल थोडक्यात, कारण ते खरंच चांगलं आहे. पहिले चार दिवस फोन तापला, बॅटरी दुपारीच वीस टक्क्यांवर यायची. घाबरू नका. अपडेटनंतर फोन सगळी ॲप नव्याने जुळवून घेतो, ते संपलं की शांत होतो. आता रात्री घरी पोचते तेव्हा पस्तीस-चाळीस टक्के उरलेले असतात, आधी पंचवीस असायचे. ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय चालू केली आहे, मला हा फोन अजून तीन वर्षं वापरायचा आहे. नोटिफिकेशनसाठी डावीकडून आणि बटणांसाठी उजवीकडून ओढायचं, याला महिना लागला, आता हात बसला.

चोरी ओळखून स्क्रीन लॉक करण्याची सोय गुगलने अँड्रॉइड १० पासूनच्या फोनना दिली आहे, मी ती या अपडेटनंतर चालू केली. हिसका देऊन कोणी पळालं तर फोन स्वतः कुलूप लावतो. दादरच्या पुलावर एकदा मला मागून जोराचा धक्का बसला, फोन हातातून उडता उडता वाचला, बघते तर स्क्रीन लॉक. चोर कोणी नव्हता, पण एवढा सावध असलेला मला चालेल. बायकांच्या डब्यात दारात उभं राहून काम करणाऱ्या प्रत्येकीने हे चालू करावं.

डिसेंबरच्या शेवटी एक छोटं अपडेट आलं. माहितीत ‘स्थिरता सुधारली’ एवढंच. मी रोबोटो काढून कंपनीचा फॉन्ट परत लावला आणि टाइप केलं: ऱ्हस्व, दुसऱ्या, दऱ्या, कऱ्हाड. चारही नीट उभे राहिले. घाटकोपर आणि कुर्ल्याच्या मध्ये होते, शेजारच्या बाईंना दाखवावंसं वाटलं. मग ‘लोकल’ आणि ‘शाळा’ लिहून बघितलं. ल आणि श अजून हिंदी वळणाचेच आहेत. मी पुन्हा रोबोटोवर गेले आणि त्या दोन अक्षरांसाठी नवी तक्रार टाकली. क्रमांक आलाय, उत्तराची वाट बघते आहे.